दोन्हीकडची वकीलबाई

टेलरच्या मुलीला गल्लीतले लोक वकीलबाई म्हणायला लागले, तेव्हा ती अजून शाळेत होती. दोन पोरं भांडायला लागली की ही मध्ये जाऊन उभी राहायची आणि याचं म्हणणं त्याला, त्याचं म्हणणं याला नीट समजावून सांगायची. त्याने भांडण मिटायचंच असं नाही. कधी कधी दोघं मिळून हिलाच चोप द्यायचे. पण मोठ्या माणसांना केवढं कौतुक. पोरगी बोलते म्हणजे वकील होणार, हे लोक इतक्या झटकन कसं ठरवतात कोण जाणे. गप्प बसणाऱ्या पोराला कुणी न्यायाधीश म्हणत नाही.

वडिलांनी मात्र ही गोष्ट मनावरच घेतली. वडील शिवणकामात एक नंबर. त्यांच्या हातचा कोट अंगात घातला की माणूस दोन बोटं उंच दिसे. फक्त तो अंगात घालायला मिळेपर्यंत माणसाचं अंग बदललेलं असे. गिऱ्हाईक दारात दिसलं की वडील घाईघाईने तोंडात टाचण्या धरत, म्हणजे उत्तर द्यायला नको. टाचण्या काढाव्याच लागल्या तर म्हणत, "झालंच आहे, नुसती काजं-बटणं राहिलीत." काजं-बटणं करायचं काम आईकडे. ती आतल्या खोलीतून हे ऐके आणि कपाळावर हात मारून घेई, कारण कापडाला अजून कात्रीसुद्धा लागलेली नसे.

मुलगी कॉलेजात जायला लागली आणि वडिलांना या दुखण्यावर नामी औषध सापडलं. गिऱ्हाईक फारच तापलं की ते त्याला स्टुलावर बसवत, पाणी देत आणि हळूच विचारत, "तुमच्या त्या जागेच्या भानगडीचं काय झालं हो?" भानगड सगळ्यांचीच असते; कुणाची जागेची, कुणाची भावाशी, कुणाची साहेबाशी. माणूस मन मोकळं करी. सगळं ऐकून घेतल्यावर वडील टेप गळ्यात टाकत आणि म्हणत, "आता काळजी सोडा. आमची मुलगी वकील होतेय. तुमची केस तीच लढवेल. माझा शब्द आहे." गिऱ्हाईक पँट न घेताच, पण समाधानाने, घरी जाई. एक कपडा लांबला की एक केस कबूल, असं ते वर्षानुवर्षं चाललं.

आणि मुलगी वकील होत नव्हती.

घोडं अडलं होतं ते प्रवेशाच्या दिवशीच. कॉलेजच्या हॉलमध्ये कायद्याच्या नावाने दोन टेबलं मांडलेली. एकावर पाच वर्षांची कायद्याची पदवी. ती घेतली, परवान्याची परीक्षा दिली, की कोर्टात उभं राहता येतं. दुसऱ्यावर तीन वर्षांची पदवी, नाव 'विधी अभ्यास'. पहिल्या टेबलाची रांग जिन्यापर्यंत गेली होती. दुसऱ्यासमोर दोनच माणसं, त्यातलं एक वाट चुकलेलं. वडिलांनी दोन्ही माहितीपत्रकं कापड चाचपावं तशी बोटांत धरून पाहिली.

"विषय तर तेच दिसतायत," ते म्हणाले. "करार, कुटुंब, ग्राहक, गुन्हे. मग तिनात बसत असेल तर पाच मीटर कापड कशाला घ्यायचं?"

टेबलामागचा माणूस काहीतरी सांगायला तोंड उघडत होता, पण मापाच्या बाबतीत टेलरला दुसऱ्याने शिकवलेलं खपत नाही. मुलीनेही काही विचारलं नाही. रांगेकडे बघूनच तिचे पाय दुखायला लागले होते. अशा रीतीने आयुष्याची दिशा ठरली. बहुतेकांची अशीच ठरते, नंतर लोक काहीही सांगोत.

पहिल्याच आठवड्यात विभागाच्या मुख्य बाई वर्गावर आल्या आणि त्यांनी विचारलं, "वकील कुणाकुणाला व्हायचंय?" जवळजवळ सगळे हात वर गेले. बाईंनी खडू खाली ठेवला. हा प्रसंग त्यांच्यावर दर वर्षी येत असणार.

"मग नीट ऐका. या पदवीवर कोर्टात कुणाची बाजू मांडता येत नाही. ते करायचं असेल तर ही संपवून पुढे कायद्याची पदवी वेगळी घ्यावी लागेल. नाहीतर आत्ताच खाली जा, पाच वर्षांच्या वर्गात अजून जागा आहेत."

दोघं-तिघं तिथूनच बॅगा उचलून पळाली. बाई पळणाऱ्यांकडे बघून हसल्या आणि उरलेल्यांना म्हणाल्या की कायदा काही एकट्या कोर्टात राहत नाही. कंपनीला नियमात ठेवायला माणूस लागतो. विम्याचा दावा खरा की खोटा हे बघायला लागतो. हॉस्पिटलमध्ये रुग्णांच्या तक्रारी ऐकायला कुणीतरी बसवावं लागतं, आणि तो डॉक्टर असून चालत नाही. वकिलांच्या ऑफिसात त्यांचे कागद तयार करणारे लोक असतात, ते एक दिवस आले नाहीत तर भल्याभल्या वकिलांची बोबडी वळते. बाईंची एक विद्यार्थिनी कोर्टात दुभाषी होती, एक विद्यार्थी कायद्याची पुस्तकं तपासून छापत होता, एक पोलिसांत गेला होता. "आणि काही जण समेट घडवतात," बाई शेवटी म्हणाल्या. "भांडणाऱ्या दोघांच्या मध्ये बसायचं आणि कुणाचीच बाजू घ्यायची नाही, हेच त्यांचं काम."

टेलरच्या मुलीचा जीव भांड्यात पडला. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, पण वकील तिला व्हायचंच नव्हतं. एकाच बाजूचं बोलायचं, आणि दुसरी बाजू ढळढळीत दिसत असताना ती दिसतच नाही असं वागायचं, हे आपल्याला जन्मात जमणार नाही याची तिला खात्री होती. आता वकिलांचा पक्षही मांडायला हवा. अडचणीतल्या माणसाला पुरतं आपलं असं कुणीतरी लागतंच, आणि चांगला वकील ते होतो. पण प्रत्येकाने तेच व्हावं असं कुठे आहे.

घरी हे सांगायचं तिने ठरवलं होतं. त्या दिवशी दुकानात गर्दी होती. दुसऱ्या दिवशी आईचं डोकं दुखत होतं. आठवडाभरात गिऱ्हाईकं तिला बघून उठून उभी राहायला लागली आणि सांगायची वेळ हुकली ती हुकलीच.

दुसऱ्या वर्षी कॉलेजने तिला उमेदवारीसाठी कोर्टामागच्या समेट केंद्रात पाठवलं आणि ती तिथेच रमली. पदवी झाल्यावर तिथेच मदतनीस म्हणून लागली, मध्यस्थीचं रीतसर प्रशिक्षण घेतलं, आणि काही वर्षांत स्वतः मध्यस्थ झाली. केंद्र म्हणजे एक लांब कॉरिडॉर, त्याला समोरासमोर दारं असलेल्या खोल्या. प्रत्येक खोलीत गोल टेबल, कारण चौकोनी टेबलाला समोरची बाजू असते. पाण्याचा जग, कागदी रुमालांचा डबा, आणि भिंतीवर घड्याळ मुद्दाम नाही. दोन्ही पक्ष आधी एकत्र बसतात, मग वेगवेगळ्या खोल्यांत, आणि मध्यस्थ या दारातून त्या दारात जात राहतो. एका खोलीत ऐकलेलं दुसऱ्या खोलीत परवानगीशिवाय बोलायचं नाही, हा तिथला सगळ्यात कडक नियम. म्हणून उठताना ती प्रत्येक वेळी विचारायची, "यातलं बाहेर काय नेऊ?" लोक आधी म्हणत, काही नको. थोड्या वेळाने बहुतेकांना काहीतरी न्यावंसं वाटे.

घरी तिने एवढंच सांगितलं की कोर्टात नोकरी लागली. हे खोटं नव्हतं, इमारतीचं आवार एकच होतं. वडिलांनी पुढचं स्वतःच शिवलं. गिऱ्हाईकांनी तगादा लावला तर ते म्हणत, "तिच्या तारखा भरल्यात हो, जरा दम धरा." आणि ही तिशी गाठलेली बाई, रोज दुसऱ्यांच्या घरातली गुपितं सुखरूप सांभाळणारी, स्वतःच्या घरात दुकानाच्या दाराने यायला घाबरायची. मागच्या बाजूच्या बोळातून स्वयंपाकघरात शिरायची.

एका संध्याकाळी बोळात खोदकाम चाललं होतं म्हणून तिला पुढून यावं लागलं, आणि नेमक्या त्याच वेळी दुकानात गणिताच्या बाई बसलेल्या. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या, बोलायला फटकळ. हिच्या पिढीच्या निम्म्या पोरांना त्यांनी भागाकार शिकवला होता.

"बरं झालं भेटलीस," बाई म्हणाल्या. "माझ्या छताला ओल आलीय. वरच्या मजल्यावरच्याच्या बाथरूममधून गळतंय, आणि तो ढिम्म हलत नाही. मी कोर्टात गेले. पुढच्या आठवड्यात पहिली तारीख. तिथे दोन वकिलांनी विचारलं, मी दोघांनाही नाही म्हणून सांगितलं. तुझ्या वडिलांचा शब्द आहे मला."

मशीनमागे वडिलांनी मूठभर टाचण्या तोंडात धरल्या.

मुलगी तशीच बाईंसमोर येऊन उभी राहिली. आजवरचे लोक नुसते विचारून जायचे. ही बाई मात्र तिच्या भरवशावर वकील न करता कोर्टात जाऊन उभी राहणार होती, आणि पहिल्याच तारखेला तोंडघशी पडणार होती. गप्प बसायची सोय उरली नव्हती.

"बाई," ती म्हणाली, "मी वकील नाही. कधीच नव्हते. माझी पदवी वेगळी आहे, त्याने कोर्टात उभं राहता येत नाही. हे मी आधीच सांगायला हवं होतं. उद्याच दुसरा वकील बघा, वेळ आहे अजून."

बाई काही बोलणार तेवढ्यात दारात क्लचकाका. हे गाडी चालवायला शिकवायचे, आणि दिवसभर शेजारच्या सीटवरून "क्लच, क्लच" ओरडून त्यांचं नाव ते पडलं होतं. ते नेमके बाईंच्या वरच्या मजल्यावर राहत. त्यांना बघताच वडील टाचण्यांसकट उठले आणि ट्रायल रूमच्या पडद्याआड गेले. पडदा आखूड होता. खाली चपला दिसत होत्या.

"वा, वकीलबाई घरीच आहेत," काका म्हणाले. "मला कोर्टाचा कागद आलाय. तुमच्या वडिलांनी सांगितलंच असेल, माझी केस तुम्हीच..." मग त्यांना बाई दिसल्या.

"तुमची?" बाई म्हणाल्या. "माझी म्हणा."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग दोघांनीही पडद्याखालच्या चपलांकडे. आतून आई दारात येऊन उभी राहिली, हातात सुई तशीच.

"या बाहेर," आई म्हणाली. "माप झालं असेल तर."

वडील बाहेर आले. एक-एक करून टाचण्या काढून त्यांनी उशीत खोचल्या, त्याला जेवढा वेळ लावता येईल तेवढा लावला. "बाईंचा कोट आणि काकांची पँट एकाच आठवड्यात राहिली होती," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "तेव्हा तुम्ही दोघं एकमेकांशीच भांडताय हे मला ठाऊक नव्हतं. कळलं तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही. कुणाकडून उभं राहायला सांगू पोरीला? एकाला तर तोंड दाखवायची सोय राहणार नव्हती." मग ते मुलीकडे वळले. "तू वकील नाहीस?"

"नाही."

"म्हणजे बाईंची केस घ्यायची म्हटली असती तरी?"

"बाईंची नाही, काकांचीही नाही. कुणाचीच नाही. कायद्यानेच येत नाही."

ती राग ओढवून घ्यायला तयार होती. वडील कापायच्या टेबलाला टेकले आणि त्यांनी एवढा लांब श्वास सोडला की टेबलावरचे खडूचे तुकडे हलले. "बरं झालं," ते म्हणाले. "देवा, बरं झालं."

"तुमचं बरं झालं," बाई कडाडल्या. "आमचं काय?"

"अगदी बरोबर," क्लचकाका म्हणाले. टेलर लबाड आहे यावर दोघांचं एकमत झालं, आणि गेल्या कित्येक महिन्यांतलं ते त्यांचं पहिलं एकमत असावं. मुलीच्या ते लगेच लक्षात आलं. सवयच ती.

मग तिने आपण रोज काय करतो ते पहिल्यांदा घरच्यांसमोर सांगितलं. दोघांनी मिळून कोर्टाला सांगितलं तर प्रकरण समेट केंद्रात पाठवता येतं. तिथे न जमल्यास कोर्ट आहेच, कुणाचा हक्क जात नाही. हवा तर वकील करून ठेवावा. मी ओळखीची आहे म्हणून दुसरा मध्यस्थ मागता येईल.

"निकाल कोण देणार?" काकांनी विचारलं.

"कुणीच नाही. काय ते तुम्हीच ठरवायचं."

"मग जिंकणार कोण?"

"ओल गेली म्हणजे झालं," बाई म्हणाल्या. "आणि दुसरा कुणी नको. हिला मी भागाकार शिकवलाय."

केंद्राच्या प्रमुखांना तिने सगळी हकिकत सांगितली, टाचण्यांसकट. त्यांनी दोन्ही पक्षांना वेगवेगळं बोलावून विचारलं, दोघांनीही हीच हवी म्हणून सही केली. ठरल्या दिवशी दोघं आले, आणि त्यांच्या मागून वडील. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. "मी शब्द दिलाय दोघांना," ते म्हणाले आणि कॉरिडॉरमधल्या बाकावर हात गुडघ्यांवर ठेवून बसून राहिले.

एकत्र बसून काही निघेना. बाई फोटो पुढे करीत, काका प्लंबरचं मत पुढे करीत. मग तिने त्यांना दोन खोल्यांत नेलं. काकांचा दिवसभर ओरडणारा आवाज दार लागल्यावर एकदम खाली आला. पाइप बदलायचा तर बाथरूमची सगळी फरशी उखडावी लागणार, ते म्हणाले, आणि घरात म्हातारी आई आहे. तिला जिना उतरवत नाही. दर थोड्या वेळाने तिला बाथरूम लागतं. ते बंद ठेवून तिला न्यायचं कुठे? हे चारचौघांत कसं सांगायचं?

"यातलं बाहेर काय नेऊ?"

"काहीच नको," काका म्हणाले.

भांडण मिटवणारं वाक्य तिच्या तोंडाशी होतं आणि ते तोंडातच ठेवून तिला कॉरिडॉर ओलांडावा लागला. या कामातली ही सगळ्यात अवघड चाल. बाकावरून वडील टक लावून बघत होते, तिने मान वर केली नाही.

समोरच्या खोलीत बाई रुमालांच्या डब्याशी चाळा करीत होत्या. ओल तर आहेच, त्या म्हणाल्या. पण ओल गेल्या वर्षीपासून आहे, कोर्टात मी आत्ता गेले. का, तर तो जिन्यात सगळ्यांसमोर म्हणाला, एकट्या बायकांना वेळ जात नाही म्हणून भांडणं उकरून काढतात. "हे ने," त्या म्हणाल्या. "खुशाल ने. सांग त्याला, मला लागलं ते."

तिने ते जसंच्या तसं नेलं. क्लचकाकांनी ऐकलं, चष्मा काढला, पुन्हा घातला. आपण असं म्हणालो हे त्यांना आठवतही नव्हतं, आणि आठवल्यावर त्यांना कुठे बघावं ते कळेना. मग ते म्हणाले, "आईचं सांगा त्यांना. आणि मी चुकलो, ते मी स्वतः सांगतो."

"आई?" समोरच्या खोलीत बाई म्हणाल्या. "म्हणजे वरून काठीचा ठकठक आवाज येतो तो त्यांचा? मला वाटायचं हा माणूस मला डिवचायला आपटतो." मग त्या थोडा वेळ छताकडे बघत राहिल्या, जरी ते छत त्यांचं नव्हतं. "मग त्यांना तेवढे दिवस माझ्याकडे ठेवा की. मागची खोली रिकामीच आहे, बाथरूम शेजारी. एकच जिना उतरायचाय, चार माणसं खुर्चीत बसवून आणतील."

शेवटच्या बैठकीत काका उभे राहून चुकलो म्हणाले. बाईंनी "बसा आता" म्हणून विषय संपवला. तडजोडीच्या कागदावर सह्या झाल्या, आणि दोघं जिन्याकडे निघाले ते आजींना दूध लागतं की चहा याबद्दल बोलत. टेलरकडे दोघांनीही पाहिलं, आणि क्लचकाकांनी जाता जाता त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

मुलगी बाकावर वडिलांशेजारी येऊन बसली. आत काय झालं ते त्यांनी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. 

"तुला कधी कळलं," वडिलांनी विचारलं, "की ही वकिलीची पदवी नाही?"

"पहिल्याच आठवड्यात. मुख्य बाईंनी वर्गात सांगितलं."

"पहिल्याच आठवड्यात." वडिलांनी बोटांवर काहीतरी मोजलं. "त्या आठवड्यात एक दिवस तू गाणं गुणगुणत घरी आली होतीस. शाळेत असताना कधी गुणगुणली नाहीस. मशीनवरची घडी स्वतःहून उचलून ठेवलीस. मी तुझ्या आईला म्हटलं, पोरीला वकिली आवडली बघ. आणि त्याच संध्याकाळी मी पहिल्या गिऱ्हाईकाला शब्द दिला."

तिला हसू आलं. त्या कॉरिडॉरमध्ये लोक रडायला बसतात, हसायला नाही, त्यामुळे समोरचा शिपाई वळून बघायला लागला. हसता हसता तिचे डोळे भरले.

"बाबा, वकील व्हायचं नाही हे कळलं म्हणून खूश होते मी त्या दिवशी."

वडिलांनी मान हलवली. खिशातला रुमाल काढून तिच्या हातात दिला.

"मघाशी त्या खोलीतून या खोलीत जाताना," ते म्हणाले, "तुझा चेहरा त्या दिवशीसारखाच होता."